किराया, पट्टा आणि परवाना : वर्ध्याच्या घरभाड्याच्या शब्दांचा इतिहास

घरासंबंधीचे जे शब्द आपण रोज बोलतो ते आपण फारसे तपासून पाहत नाही. किराया, पट्टा, पगडी, अनामत, 'अकरा महिन्यांचे ॲग्रिमेंट', परवडणारे घर, चटईक्षेत्र हे सारे शब्द वर्ध्याच्या कोणत्याही मोहल्ल्यात ऐकू येतात, आणि ऐकणाऱ्याला ते कळलेच आहेत असे बोलणारा धरून चालतो. परंतु नोटीस येते किंवा घरातला कर्ता माणूस जातो, तेव्हा या शब्दांचा खरा अर्थ कचेरीत कळतो. आणि तोवर बहुधा सही होऊन गेलेली असते. म्हणून हे शब्द कोठून आले, कोणत्या भांडणातून घडले आणि आज त्यांचा अर्थ काय होतो, हे एकदा सलग पाहणे उपयोगाचे होईल. माझे म्हणणे थोडक्यात असे की, राहण्यासंबंधीच्या या सर्व शब्दांचे दोनच वर्ग पडतात. एका वर्गातले शब्द राहणाऱ्याचा हक्क सांगतात. दुसऱ्या वर्गातले शब्द राहणाऱ्याला मिळालेली मुभा सांगतात. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या जिल्ह्यातला घर नसलेला माणूस या दोहोंच्या मध्ये कसा हेलकावे खात आला, हाच या व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम भाषेचा विचार करू. पुण्याकडचा माणूस 'भाड्याने घर' घेतो, आपण 'किरायाने' घेतो. भाडे हा शब्द संस्कृत 'भाटक' या शब्दापासून आलेला आहे. किराया हा अरबी मुळाचा, फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने इकडे रुजलेला. अर्थ एकच, म्हणजे दुसऱ्याची वस्तू वापरल्याचा मोबदला. याच जातीचा, पण निराळ्या वळणाचा शब्द म्हणजे 'बिऱ्हाड'. भाडेकरू किंवा किरायेदार म्हटले की पैशाचा संबंध डोळ्यांपुढे येतो. बिऱ्हाड म्हटले की चूल, भांडीकुंडी आणि पोरेबाळे डोळ्यांपुढे येतात. कायद्याने पहिला शब्द उचलला आणि दुसरा लोकांकडे राहू दिला. पण घरभाड्याच्या कायद्यांचा जो वाद पुढे शंभर वर्षे चालला तो मुळात याच दोन शब्दांतला वाद आहे. घरमालक म्हणतो, हा व्यवहार पैशाचा आहे. राहणारा म्हणतो, माझे येथे बिऱ्हाड आहे.

आता जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळू. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे आरंभी पुलगावजवळच्या कवठ्यास होते. १८६६ मध्ये पालकवाडी या लहानशा खेड्याच्या जागी नवे शहर आखून ते ठाणे तेथे आणले, ते हे वर्धा शहर. देवळी, आर्वी, हिंगणघाट ही गावे बाजारपेठा म्हणून याहून जुनी. वर्धा मात्र आखून वसवलेले. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोचला आणि कापसाचा व्यापार त्या मार्गावर आला. रेल्वेबरोबर कारकून, दलाल, वकील, हमाल, जिनिंगचे मजूर आले. आणि घर बांधण्यापूर्वी माणसाला घर लागते, म्हणून किराया आला.

परंतु खेड्यात त्या वेळी निराळी व्यवस्था होती. या प्रांतात इंग्रजांनी मालगुजारी पद्धत पक्की केली. सरकारसारा भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्या मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. गावातील वस्तीच्या जागेला 'आबादी' म्हणत. देशावर जिला गावठाण म्हणतात तीच ही जागा. आबादीही मालगुजाराच्या मालकीत मोडे. मग कुळाने आणि मजुराने राहावे कोठे, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. मध्यप्रांताच्या १९१७ च्या जमीन महसूल कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिले होते : गावात शेती करणाऱ्याला आणि शेतीवर राबणाऱ्याला घरापुरती वाजवी जागा आबादीत बिनभाड्याने मिळण्याचा हक्क आहे. हे औदार्य नव्हते. मजूर गावात टिकला नाही तर शेती पडेल आणि शेती पडली तर सारा बुडेल, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. मालगुजारांची सत्ता कशी चाले हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. कागदावरचा हक्क प्रत्येक झोपडीपर्यंत पोचला असे मानण्याचे कारण नाही. तरीही ज्या काळाला आपण मागासलेला म्हणतो त्या काळच्या कायद्यात राबणाऱ्या माणसाच्या घराच्या जागेला 'हक्क' हा शब्द लावलेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालगुजारी पुढे १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून संपली.

शहरातील जमिनीचा मामला वेगळा. विदर्भातील शहरांत वावरणाऱ्या माणसाला 'नझूल' हा शब्द नवा नाही. अरबीत 'नुझूल' म्हणजे उतरणे. वारस नसलेली किंवा अन्य कारणाने सरकारकडे उतरलेली जमीन ती नझूल, आणि पुढे शहराच्या हद्दीतील सरकारी जमिनीचे ते नावच पडले. अशी जमीन घरासाठी पट्ट्याने देत. पट्टा म्हणजे ठरावीक मुदतीपुरता दिलेला उपभोगाचा हक्क, आणि त्याबद्दल सरकारला द्यावयाचे वार्षिक भाडे म्हणजे भूभाटक. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. भिंती माझ्या, छप्पर माझे, घरपट्टी मीच भरतो, तेव्हा जागाही माझी, असे माणूस समजतो. परंतु पट्ट्याची मुदत संपली की त्याला कळते की आपण घराचे मालक असलो तरी जमिनीचे भाडेकरूच आहोत. घरपट्टी भरल्याने कर भरला जातो, मालकी सिद्ध होत नाही.

पट्ट्याला पूर्वी एक जोडशब्द होता, 'कबुलायत'. देणाऱ्याने लिहून द्यायचा तो पट्टा आणि घेणाऱ्याने लिहून द्यायची ती कबुलायत. दोन्ही कागद मिळून व्यवहार पुरा होई. घराच्या किरायात मात्र पुष्कळदा एकच कागद असे, किरायाचिठ्ठी. आणि ती किरायेदार लिहून देई. म्हणजे बंधन घालून घेणारा एकटा किरायेदार, आणि कागद राही मालकाच्या पेटीत. ही एकतर्फी चिठ्ठी जाऊन दोघांच्या सह्यांचा करारनामा येण्यास फार काळ लागला.

पुढे दुसरे महायुद्ध आले. लोखंड, सिमेंट आणि लाकूड दुर्मिळ झाले, बांधकामे थांबली, शहरांतली माणसे वाढली आणि किराये भडकले. युद्धानंतर मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ मध्ये घरे किरायाने देण्याचे नियमन करणारा कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये घरे व भाडे नियंत्रणाचा आदेश काढला. जुन्या वकिलांच्या तोंडी जी 'रेंट कंट्रोल ऑर्डर' असते ती हीच. हिने आपल्या बोलण्यात तीन शब्द आणले.

पहिला शब्द 'वाजवी भाडे'. किती किराया घ्यावा हे केवळ मालकाच्या मर्जीवर न ठेवता ते अधिकाऱ्याकडून ठरवून घेण्याची सोय झाली. दुसरा शब्द 'परमिशन'. भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळाल्यावाचून मालकाला घर सोडण्याची नोटीसच देता येईना. तीन महिन्यांचे भाडे थकले असेल, भाडे थकवण्याची सवयच असेल, लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला असेल, शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल, किंवा मालकाला स्वतः राहण्यासाठी घराची खरीखुरी गरज असेल, अशी कारणे सिद्ध करावी लागत. यांतील शेवटच्या कारणालाच कोर्टाच्या आवारात 'बोनाफाईड नीड' म्हणत. तिसरा शब्द 'अलॉटमेंट'. घर रिकामे झाले की मालकाने ते कळवायचे, आणि सरकारी नोकर, फाळणीने विस्थापित झालेला मनुष्य, किंवा घरातून निघावे लागलेला मनुष्य अशांपैकी कोणाला ते द्यावे याचा हुकूम अधिकाऱ्याने करायचा. आपले घर कोणाला द्यावे याची निवडही त्या काळी पुरती मालकाच्या हाती नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले तरी घरभाड्याचा कायदा एक झाला नाही. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा, आणि विदर्भात हा १९४९ चा आदेश, असे तीन कायदे चाळीस वर्षे शेजारी शेजारी नांदले. त्यामुळे पुण्यात छापलेल्या पुस्तकातला सल्ला वर्ध्यात लागू पडत नसे. तिकडे मालक सरळ दिवाणी दावा लावी. इकडे आधी नियंत्रकाकडे अर्ज, त्यावर अपील. मग १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोटीस. मग दिवाणी दावा आणि त्याचीही अपिले, अशी दुहेरी चढण होती.

या कायद्याने असंख्य बिऱ्हाडांना छप्पर दिले हे निर्विवाद आहे. तुटपुंज्या पगाराचा शिक्षक, जिनिंगमधला मजूर, विधवा बाई यांना उद्या कोणी रस्त्यावर काढील ही भीती राहिली नाही. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाडे जागच्या जागी राहिले आणि महागाई वाढली. मग मालक डागडुजी करीना. एका खोलीच्या ताब्यासाठी मालकाचे वय सरले आणि दावा मुलाने पुढे चालवला, अशी उदाहरणे गावोगाव झाली. याचा परिणाम असा झाला की रिकामी घरे कुलुपात राहू लागली. ज्याने किरायेदाराचे रक्षण करावे त्याच कायद्याच्या धाकाने नव्या किरायेदाराला घर मिळेना. कायदा दार बंद करतो तेव्हा माणूस खिडकी शोधतो. अशा दोन खिडक्या निघाल्या : एक पगडी आणि दुसरी परवाना.

पगडी म्हणजे ताबा देण्याघेण्याबद्दल किरायाव्यतिरिक्त घेतलेली रक्कम. ती परत मिळत नाही. अनामत म्हणजे घर सोडताना परत मिळावयाची ठेव. बयाना, ज्याला देशावर इसार म्हणतात, तो सौदा पक्का झाल्याची खूण. तिन्ही वेळा पैसा एकाच खिशातून जातो, पण कागदावर कोणता शब्द लिहिला यावर तो परत येणार की नाही हे ठरते. मुंबई कायद्याने पगडी हा गुन्हा ठरवला होता. पुढे १९९९ च्या कायद्याने ती कायदेशीर केली. म्हणजे एकच शब्द पन्नास वर्षांत गुन्ह्यातून व्यवहारात आला.

परवान्याची कथा याहून महत्त्वाची आहे. १८८२ साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्याची व्याख्या आली, आणि सुविधाधिकार कायद्यात परवान्याची. भाडेपट्ट्याने जागेत राहणाऱ्याचा काही हितसंबंध निर्माण होतो. परवान्याने तसा काहीच होत नाही. परवाना नसता तर जे करणे बेकायदेशीर ठरले असते ते करण्याची मुभा तेवढी मिळते. पाहुणा ओसरीवर निजतो ती मुभा. किरायेदार खोलीत राहतो तो हक्क. भेद इतका सरळ होता. परंतु भाडे कायदे भाडेपट्ट्याला लागतात, परवान्याला लागत नाहीत, हे ध्यानात येताच मालकांनी कागदावर 'लीव्ह अँड लायसन्स' हे शब्द घालण्यास सुरुवात केली. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील काही जागा केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिलेली होती आणि कागदाला नाव परवान्याचे होते. न्यायालयाने बहुमताने म्हटले की, कागदाचे नाव पाहू नये, त्यातले तत्त्व पाहावे; आणि तो करार भाडेपट्टाच ठरवला. पुढे मुंबई कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूच मानण्यात आले. ही दुरुस्ती त्या कायद्याच्या प्रदेशापुरती होती. तरी न्यायाचा कल कोणीकडे होता हे तीवरून दिसते.

तो कल १९९९ मध्ये फिरला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि तिन्ही जुने कायदे गेले. या कायद्यात दोन्ही वर्गांचे शब्द आहेत. भाडेकरूला प्रमाण भाड्याचे संरक्षण आहे. मालकाला दर वर्षी चार टक्के वाढ घेता येते. भाडे घेतल्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी-विजेसारख्या सोयी तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. आणि भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क जातो. परंतु राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या घराची वाट निराळी आहे. मुदत संपली की ताबा द्यावा लागतो. न दिल्यास सक्षम प्राधिकाऱ्यापुढे संक्षिप्त चौकशी होते आणि परवाना-शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई बसते. शिवाय परवान्याच्या लेखी करारात जे लिहिले असेल तोच निर्णायक पुरावा मानला जातो. १९५९ मध्ये न्यायालय कागदाच्या आत डोकावत होते. आता कागद हाच शेवटचा शब्द झाला आहे. या एका बदलाने घर सोडण्याची कुलुपे निघाली आणि किरायाची घरे मिळू लागली, हे खरे. पण त्याबरोबर 'बिऱ्हाड' कायद्याच्या दृष्टीने ओसरीवरच्या पाहुण्याच्या जागी जाऊन बसले, हेही तितकेच खरे.

'अकरा महिन्यांचे ॲग्रिमेंट' हाही असाच एक अवशेष आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून मुदत अकरा महिने ठेवण्याची रूढी पडली. आपल्या राज्यात मात्र २००० पासून भाड्याचा किंवा परवान्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी नसेल तर अटींविषयी किरायेदाराचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणीचा खर्च वाचवला म्हणून दोघेही खूष असतात. वाद निघाल्यावर मात्र त्या बचतीची किंमत मुख्यत्वे मालकालाच मोजावी लागते.

आता 'परवडणारे घर' या अलीकडच्या शब्दाकडे येऊ. शब्द नवा असला तरी प्रश्न नवा नाही, आणि वर्ध्याला तर तो परका मुळीच नाही. १९३६ मध्ये गांधीजी सेगावास राहण्यास आले. सेगावची मालगुजारी जमनालाल बजाजांची होती. तेथे बांधावयाच्या घराचा खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा आणि सामान आसपासचेच असावे, ही गांधीजींची अट सेवाग्रामात आजही सांगितली जाते. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांचे ते घर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुढे देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात उभारलेल्या ग्रामोपयोगी विज्ञानाच्या केंद्राने हाच विचार चालवला, आणि कुंभाराने चाकावर घडवलेल्या निमुळत्या कौलांची कमानी छपरे करून दाखवली. या परंपरेत 'परवडणे' म्हणजे घराची किंमत माणसाच्या ऐपतीपर्यंत खाली आणणे होते.

सरकारी योजनांत हा शब्द निराळ्या वाटेने आला. १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची आणि १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी कर्जाची योजना निघाली. विदर्भासाठी स्वतंत्र गृहनिर्माण मंडळ होते. १९७७ मध्ये ते म्हाडात विलीन झाले. तेव्हापासून माणसांचे गट पडले : अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न. २०१५ मध्ये शहरांसाठी निघालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाचे कुटुंब अत्यल्प गटात धरले आणि त्याच्या घराचे चटईक्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट ठेवले. चटईक्षेत्र म्हणजे घरात चटई अंथरता येईल एवढी प्रत्यक्ष वापराची जागा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची तीत धरत नाहीत. जाहिरातीतील 'बिल्टअप' आणि 'सुपर बिल्टअप' हे आकडे याहून मोठे असतात, कारण त्यांत भिंती, जिने आणि सामाईक जागाही मिळवलेल्या असतात. चटईक्षेत्र निर्देशांक ही तर तिसरीच गोष्ट : भूखंडाच्या मानाने एकूण किती बांधकाम करता येईल त्याचे ते प्रमाण होय.

या योजनांमुळे अनेकांना घरकुल मिळाले. पण त्यांचा सारा भर मालकीवर राहिला. जो आज हिंगणघाटच्या गिरणीत, उद्या बुटीबोरीच्या कारखान्यात काम शोधतो, त्याला वीस वर्षांच्या हप्त्याचे घर नको असते. झेपेल अशा किरायाची, भरवशाची खोली हवी असते. २०२० च्या टाळेबंदीत किराया देता न आल्याने लाखो मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा कोठे केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना जाहीर केली. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदाही मान्य केला आणि त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे सुचवले. हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून असा नमुना कोणाला बांधत नाही, हे येथे सांगून ठेवले पाहिजे.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जिला कोणत्याही करारनाम्यात शब्दच नाही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. पदव्या होत्या, हुद्दा होता, भाडे देण्याची ऐपत होती. तरी त्या शहरात त्यांना राहण्यास घर मिळाले नाही, आणि ज्या पारशी उतारशाळेत ते राहिले तेथून त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढण्यात आले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले झाले, ही आपल्या शहराची अभिमानाची गोष्ट आहे. मंदिराचे दार विश्वस्तांच्या एका निर्णयाने उघडते. घरांची दारे मात्र ज्याची त्याला उघडावी लागतात. भाडे कायदा घरात आलेल्याचे रक्षण करतो; जात, धर्म, एकटी बाई किंवा ताटातले अन्न पाहून 'घर द्यायचे नाही' असे म्हणणाऱ्याला तो अडवीत नाही. तेव्हा शब्द समजून घेणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तथापि जे आपल्या हाती आहे ते तरी करावे. घर घेताना आणि देताना चार प्रश्न विचारावेत. कागद भाडेपट्ट्याचा आहे की परवान्याचा? तो नोंदलेला आहे काय, आणि त्याची एक प्रत राहणाऱ्याच्या हाती आहे काय? दिलेली रक्कम अनामत आहे की पगडी, आणि ती केव्हा परत मिळणार? किराया पावतीने किंवा बँकेतून जातो काय? या चार उत्तरांत पुष्कळशी भांडणे मिटण्यासारखी आहेत. आणि ही उत्तरे मालकाच्याही तितकीच हिताची आहेत.

उरतो तो आरंभीचा प्रश्न. एकेकाळी याच जिल्ह्याच्या खेड्यात शेतावर राबणाऱ्याला घरापुरती जागा मिळणे हा कायद्याने हक्क मानला होता, कारण त्याच्यावाचून शेती चालणार नव्हती. आज शहरही राबणाऱ्या माणसांवाचून चालत नाही. नाल्या साफ करणारे, भाजी विकणारे, रुग्णालयात रात्रपाळी करणारे यांनी राहावे कोठे, याचे उत्तर १९१७ च्या कायद्याने खेड्यापुरते दिले होते. शहराने ते अजून द्यायचे आहे.